गेले की गायब

“कुनी सांगितलं आबा गेले म्हून? कोन हाय त्यो? फुडं ये!”

ओरडणाऱ्या पोपटरावाच्या डोक्याची डावी बाजू गुळगुळीत भादरलेली होती आणि उजव्या बाजूचे केस जिथल्या तिथं होते. गळ्यात न्हाव्याचं फडकं, कानामागं साबणाचा फेस. निमगाव केतकीच्या वाचनालयाचा दरवाजा त्यानं असा अडवला होता, की आत बसलेल्या आम्हा श्रोत्यांना साहित्यावर प्रेम करत बसण्यावाचून दुसरा इलाज राहिला नाही. आणि समोर माइकपाशी तू उभा होतास, सलीम. हातात तू अरबीतून मराठीत आणलेल्या कादंबरीचं शेवटचं पान. शाळेत तीस वर्षं पोरांना गप्प बसवणारा मास्तर, पण त्या वेळी वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा दिसत होतास.

झालं होतं एवढंच. आठवडी बाजाराचा दिवस. मंडपवाल्यानं हौसेनं एक कर्णा बाजाराकडं तोंड करून बांधला होता. तू कादंबरीचं शेवटचं वाक्य वाचलंस, “आणि आबा गेले.” कर्ण्यानं ते जसंच्या तसं बाजाराला कळवलं. आता आपल्या भागातले आबा, म्हणजे ऊसवाल्यांचे जुने पुढारी, तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडलेले. लोकांना आणखी काय पाहिजे? बाजार उठला. मेथीवाल्या बायांनी जुड्या गोणपाटात गुंडाळल्या, झेंडूवाल्यानं भाव तिप्पट केला, विकायला आणलेल्या एका म्हशीनं रवंथ थांबवून मान खाली घातली. आणि आबांना बापाच्या जागी मानणारा पोपटराव सुतकाचं डोकं करायला न्हाव्यापुढं बसला. निम्मं झाल्यावर पुण्याहून फोन आला, की आबा पेज पितायत आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून शिव्या देतायत.

ही गोष्ट मी जिथं जाईन तिथं सांगतो आणि दर वेळी तिच्यात एक म्हैस वाढते. तू म्हणायचास, “अण्णा, उसाच्या मोळीसारखं तुमचं बोलणं पाचट वजा करून ऐकावं लागतं.” आता वजावट करणाराच नाही म्हटल्यावर मी कितीही म्हशी घालीन. पण पोपटरावाचं डोकं खरं होतं. आणि त्यानं पुढं विचारलेलं तर त्याहून खरं.

“मंग ह्यो पुस्तकातला आबा कंचा? नाव सांग त्याचं!”

सांगायला तुझ्याकडं दहा उत्तरं होती, ती सगळी मी ऐकलेली. पण तू पानाकडं बघत राहिलास. तेव्हा वाचनालयाचे चिटणीस चष्मा पुसत उठले आणि गोड आवाजात म्हणाले, “अहो पोपटराव, ते प्रतीक आहे. पुस्तकातले आबा म्हणजे परमेश्वर.”

पोपटरावानं मोठा सुस्कारा सोडला. “देव व्हय? मंग हरकत न्हाय. मला वाटलं आपलं आबा.”

वाचनालयाचे पत्रे उडतील एवढं आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यांदा. तू हसला नाहीस. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेत होतं, ते फक्त तू पाहिलं होतंस.

परवा तुला माती दिली. मूठभर माती टाकताना मला वाटलं, काहीतरी मोठं बोलावं. एरवी वाऱ्यानं पडलेल्या उसावर मी तासभर बोलतो. परवा हाताची माती झाडून बाजूला झालो.

तू मला त्या कादंबरीची गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस ती कन्हेरीला, माझ्या रानात, पाण्याची पाळी यायची वाट बघत. अरबी तू आणि तुझा थोरला भाऊ बशीर लहानपणी एकाच चटईवर बसून शिकलात, फक्त म्हणायला. अर्थ शिकायचं खूळ तुझ्या डोक्यात पुढं शिरलं, मास्तरकी करता करता. “नुसतं म्हणत होतो तोवर सगळे शाबासकी द्यायचे,” तू म्हणाला होतास. “अर्थ विचारायला लागलो तसं लोक माझ्याकडं काळजीनं बघायला लागले.”

आणि मग ती कादंबरी. एक गाव, गावाला एकच कालवा. कालव्याच्या तोंडाशी दरवाजा, दरवाजाला लागून एक घर, घरात एक म्हातारा. त्याला कुणी पाहिलेलं नाही. पाणी वेळेवर येतं, म्हणजे तो आहे. पहाटे खोकल्याचा आवाज येतो, म्हणजे तो आहे. एक आंधळी बाई रोज त्याच्यासाठी ताट नेते आणि ताट रिकामं परत आणते, म्हणजे तो आहेच आहे. गावात दोन तट. एक म्हणतो म्हातारा तीनदा खोकतो, दुसरा म्हणतो दोनदाच, आणि ह्या एका खोकल्यापायी पिढ्यान् पिढ्या डोकी फुटतात. शेवटी आंधळी बाई मरते. तिची सून ताट घेऊन जाते, दारात उभी राहून हाक मारते, आणि पुढं एकच वाक्य. संपलं. ह्या एवढ्यावरून लेखकाच्या देशात पुस्तकावर बंदी आली आणि लेखकाला परमुलखात जाऊन राहावं लागलं. अर्धे म्हणाले, ह्यानं देवाला म्हातारा केला. अर्धे म्हणाले, नुसता म्हातारा नाही केला, मारला.

मी म्हणालो, “ह्यात नवल काय? आमचा कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी असाच. दिसत कधीच नाही, पाणी मात्र कायम शेजाऱ्याच्या रानात.”

तू हसलास आणि म्हणालास, “घालू का तळटीप?”

वाद सुरू झाला तो ताटावरून. मी म्हणालो, बाईच खात असणार, सरळ आहे. आमच्याकडं नैवेद्य दाखवतो आणि आपणच खातो, आजवर त्यावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. तू मान हलवलीस. “कोण खातं हे सगळेच विचारतात, अण्णा. ती बाई ताट नेण्याआधी रोज मीठ चाखून बघते, ते कुणी विचारत नाही. तिला पक्कं ठाऊक असतं की आत कुणी नाही, तर मीठ कशाला चाखलं असतं?” मी म्हणालो, “स्वतःच खायचंय म्हणून.” तू मातीचं ढेकूळ मारलंस मला. लागलं होतं, सलीम. पाचट वजा करूनसुद्धा लागलं होतं.

म्हाताऱ्याला मुळात शेख म्हटलंय. अरबीत शेख म्हणजे वडीलधारा, मान असलेला म्हातारा. पण बारामतीत शेख म्हटलं की लोक विचारणार, कोण, सायकलवाला का टायरवाला? म्हणून तू ‘आबा’ केलंस. “ज्याच्या घरात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, तो आबा,” तू म्हणालास. शब्द इतका चपखल बसला की पोपटरावाचं निम्मं डोकं गेलं.

पण खरी झुंज शेवटच्या शब्दाची. मुळातलं क्रियापद होतं ‘ग़ाब’. तू मला ते वर्गात शिकवल्यासारखं शिकवलंस. सूर्य मावळला तरी हेच क्रियापद. हजेरी घेताना पोरगं बाकावर नसलं तरी हेच. “ह्यात मरण नाही, अण्णा. सुनेनं हाक मारली आणि तो तिथं नव्हता, एवढंच आहे. आणि शब्द आपल्याकडं कधीचा आलाय की. गायब. गैबीपीरातला गैब पण त्याच घरचा. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू?”

मी उसळलो. “गायब? विहिरीवरची केबल गायब होते. मोटर गायब होते. देव गायब झाला म्हटल्यावर लोक चौकीत तक्रार द्यायला जातील! सरळ लिही, आबा गेले. गेले म्हणजे गावाला पण गेले, वर पण गेले. मराठीनं आयती पळवाट ठेवलीय.”

“पळवाट नाहीये ती,” तू म्हणालास. “आबा गेले म्हटल्यावर आजवर कुणी विचारलंय, कुठं गेले?”

हे भांडण आपण बांधावर केलं, तुझ्या ओट्यावर केलं, बारामतीच्या एसटी स्टँडवर केलं, आणि ते ऐकत बसल्यामुळं एका कंडक्टरची गाडी चुकली. तू एक इंच हलला नाहीस. गेले म्हणजे मेले, ते मी लिहिणार नाही, हा तुझा हेका. आणि मग निमगावात, माइकसमोर, तोंडातून काढलंस काय? ‘आबा गेले.’

का, रे?

हे मी विचारलंच नाही. आधी हसण्यात राहिलं. नंतर विचारण्यासारखं उरलं नाही.

कारण तो मोबाइलवरचा तुकडा बारामतीत तुझ्या गल्लीत पोचला तेव्हा त्यातलं पोपटरावाचं डोकं कुणी पाहिलं नाही. त्यात तू होतास ‘गेले’ म्हणताना, आणि चिटणीस होते ‘परमेश्वर’ म्हणताना. दोन्ही जोडून ऐकलं की काय होतं ते कळायला अरबी लागत नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी दारात आलं नाही. आला तो एकटा बशीरभाई. ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारा माणूस, दाराच्या चौकटीत मावत नाही असला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी आत चहा पीत होतो.

“तू असं बोललास?”

“पुस्तकात आहे, भाई.”

“पुस्तक कुठं बोलतंय? आवाज तुझा हाय.”

तू पुढं काहीतरी सांगायला गेलास, मूळ शब्द, त्याचा अर्थ. बशीरभाईनं हात वर केला. “मी तुझ्या शेजारी बसून शिकलोय, सलीम. मला शब्द शिकवू नगंस.” आणि गेला. एका अंगणाची दोन घरं तुमची, मधी छातीएवढी भिंत. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून बोलणं बंद.

तू सगळं सोसलंस. मशिदीत लोक थोडं सरकून बसायचे, ते तू हसून सांगायचास. प्रकाशकाला सांगून छपाई थांबवलीस, तेही सांगितलंस. पण बशीरचा अबोला तुला आतून पोखरत गेला. एकदा बोलता बोलता अचानक म्हणालास, “अण्णा, मला चार खांदे मिळतील ना?”

मी सवयीनं म्हणालो, “चार? चारशे आणतो. कन्हेरीतनं ट्रॅक्टर भरून आणतो. खांदेकऱ्यांची पाळी लावावी लागेल कालव्यासारखी.”

“एवढे नकोत,” तू म्हणालास. “त्यातला एक बशीरचा असला म्हणजे झालं.”

त्यानंतर मी बराच वेळ खोटं बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रमच.

ईदला भिंतीवर वाटी आली. हाक नाही, काही नाही. शीरखुर्म्याची वाटी, वर झाकण. तू ती उचललीस, एक चमचा खाल्लास आणि तसाच उभा राहिलास. मग वाटी माझ्यापुढं केलीस. “चाखा.” मी चाखली. दूध, शेवया, खारीक, सगळं होतं, साखर नव्हती. मी म्हणालो, विसरली असतील वहिनी. तू म्हणालास, “वहिनीला माझी शुगर माहीत नाही. मला डॉक्टरकडं नेलं होतं ते भाईनं.” मग रिकामी वाटी धुऊन तू भिंतीवर ठेवलीस, आणि हसत म्हणालास, “अण्णा, आमच्या घरात कादंबरी सुरू झाली.” तेव्हा मीठ चाखणाऱ्या बाईबद्दल मी तुझ्याशी पुन्हा वाद घातला नाही. हरलो असं म्हणालो मात्र नाही. ते आज म्हणतो.

आणि मग खुद्द आबा! मेलेला माणूस उठून फोन करतो, ही गोष्ट मी रचली असती तर तू निम्मी वजा केली असतीस. पण ती तुझ्याच बाबतीत घडली. दवाखान्यातून घरी आल्यावर आबांना सगळी हकिगत कळली आणि त्यांनी तुला फोन लावला. “मास्तर, मला मारलंत म्हनं तुमी! कसं मारलं ते तरी वाचून दावा.” तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी, चहाच्या वेळेला, तू अंगणात उभा राहून आबांना फोनवर कादंबरी वाचून दाखवायचास. आबा बहिरे. तुझी बोंब अख्ख्या गल्लीला ऐकू जायची, आणि त्यांची आपल्याला. “खोकतोय ना अजून त्यो म्हातारा? खोकू द्या. माझ्यागत हाय बेनं!”

मला एक शंका होती आणि ती मी तुला सांगितलीही होती. तू वाचायला लागलास की भिंतीपलीकडचं वेल्डिंग थांबायचं.

“वीज जात असेल,” तू म्हणालास.

“दर बाजारला? चहाच्या वेळेलाच?”

पण पुढच्या बाजारला तू भिंतीच्या आणखी जवळ उभा राहिलास, आणि जरा सावकाश वाचलंस.

सगळी कादंबरी वाचून झाली. राहिलं ते शेवटचं पान. आबा विचारायचे, “फुडं काय झालं म्हाताऱ्याचं?” आणि तू म्हणायचास, पुढच्या बाजारला. पुढच्या बाजारला पुन्हा पुढच्या बाजारला. मला कळत होतं तुझं काय चाललंय. निमगावात तोंडातून गेलेला शब्द तुला बदलायचा होता आणि दुसरा सापडत नव्हता. शिवाय आता तो फक्त आबांना वाचून दाखवायचा नव्हता.

परवा सकाळी तुझ्या मुलीचा फोन आला. तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी तिला विचारलं, “गेला म्हणजे? कुठं गेला?” बघ, सलीम. तू म्हणायचास कुणी विचारत नाही. मी विचारलं.

तुझ्या घरी पोचलो तेव्हा बशीरभाईच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि तो कुठं दिसत नव्हता. माणसं जमत होती. सरकून बसणारे आले होते, तुझे विद्यार्थी आले होते, निमगावहून चिटणीस आले होते, पोपटराव आला होता, त्याचे केस आता सारखे वाढलेत. खांद्यांची कमतरता नव्हती. मी मात्र एकच खांदा शोधत होतो. तुला नेण्याची वेळ झाली तेव्हा मागच्या दारातून बशीरभाई बाहेर आला. तुला अंघोळ घालायला तो पहाटेपासून आतच होता. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पुढचा डावा खांदा त्यानं घेतला आणि कब्रस्तानापर्यंत बदलू दिला नाही. मी दोनदा पुढं झालो, त्यानं दोनदा मान हलवली.

कबरीत उतरला तोच. ठिणग्यांनी भाजलेले ते हात तुझ्या कफनाची गाठ सोडत होते, तेव्हा मी वरून बघत होतो. गाठ सुटेना. त्यानं घाई केली नाही. सुटल्यावर तुझ्याकडं वाकून तो काहीतरी बोलला. एक-दोनच शब्द. मी कडेला होतो तरी मला ऐकू आलं नाही, आणि ह्या जागी मी एरवी घातले असते तसले शब्द मी घालणार नाही. जे होतं ते तुला ठाऊक, त्याला ठाऊक.

काल मी तुझ्या घरी गेलो होतो. भिंतीवर काही नव्हतं. अंगणात मी, तुझी मुलगी आणि बशीरभाई. मला सारखं विचारायचं होतं, की बाबा, शेवटचं पान आता कोण ठरवणार, पुस्तकात गेले ठेवायचं की गायब. पण कुठल्या तोंडानं विचारणार? ज्या शब्दापायी त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं, तो शब्द मी त्याच्यापुढं कसा काढणार?

तेवढ्यात खाटेवरचा तुझा फोन वाजला. काल बाजार होता, सलीम. चहाची वेळ. आबांच्या घरात ‘गेले’ हा शब्द काढायची आता कुणाची छाती होत नाही, म्हणून त्यांना तुझं कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या मुलीनं फोनकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. बशीरभाईनं फोन उचलला. कानाला लावायची गरज नव्हती, आबांचा आवाज अंगणभर झाला.

“मास्तर! बाजार हाय आज! आता फुडचा बाजार-बिजार काय ऐकनार न्हाय म्या. त्या सुनंनं हाक मारली, हितवर आलतो आपन. म्हातारा आत हाय का न्हाय, तेवढं सांगा अन् मला मोकळं करा!”

बशीरभाई फोन हातात धरून भिंतीकडं बघत राहिला. आबा पलीकडून हॅलो हॅलो करत होते. मग त्यानं फोन तोंडाजवळ नेला.

“न्हाय, आबा,” तो म्हणाला. “हितं न्हाय त्यो.”